हजार स्क्वेअर फूट लॉन, टँकरचं पाणी आणि तरवड

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मी काय समजलो तेही कळेल. लातूरला बंगला, समोर साधारण हजार स्क्वेअर फूट लॉन, बोअर मार्चमध्येच आटलं, आता टँकर मागवून लॉन जगवताय आणि दर वेळी पैसे देताना जिवावर येतंय. लॉन काढून आपल्याकडची देशी झाडं लावायची, पक्षी-फुलपाखरं यायला पाहिजेत, पण सासूबाई म्हणतात साप येतील, आणि सहा वर्षांच्या मुलाला खेळायलाही जागा पाहिजे. शेवटी लिहिलंय, "वीस झाडांची लिस्ट द्या, नर्सरीतून आणते."

नावं देतो, पण ती थोडी खाली येतील आणि वीस नसतील. मी अंबाजोगाईत सतरा वर्षं बागा करून देतोय, त्यातली पहिली सहा-सात वर्षं तर लॉनच लावून द्यायचो, आणि नंतर ज्या देशी बागा केल्या त्यातल्या ज्या मेल्या त्या झाडाचं नाव चुकलं म्हणून मेल्या नाहीत. माती न बघता लावलं म्हणून मेल्या, पहिल्या मे महिन्यात घरचे गावाला गेले म्हणून मेल्या, किंवा चांगल्या जगलेल्या असताना कुणालातरी त्या "रान माजलंय" अशा वाटल्या आणि कापून टाकल्या. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न कोणती झाडं हा नाहीच, ही जागा कुठल्या मातीची आहे, पहिले दोन उन्हाळे कोण सांभाळणार आणि घरच्या सगळ्यांना ती कशी दिसलेली चालणार आहे, हा आहे.

पाण्याचा हिशोब एकदा करून बघा, मी प्रत्येक गिऱ्हाईकासमोर कागदावर करतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हजार स्क्वेअर फूट म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हिरवंगार लॉन ठेवायचं तर दिवसाला ५ मिलिमीटर तरी पाणी लागतं, म्हणजे रोज साडेचारशे-पावणेपाचशे लिटर आणि महिन्याला १४ हजार लिटर, म्हणजे ५ हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर, फक्त गवताला. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या गावात हे गणित कुठेच बसत नाही, आणि तुम्हाला ते मनातून खटकतंय ही फार चांगली गोष्ट आहे.

त्याच जागेत २५ झुडपं लावली आणि प्रत्येकाला आठवड्याला १० लिटर दिलं तर होतात २५० लिटर. लॉनला त्याच आठवड्यात सव्वातीन हजार लागतात. पहिल्या मे महिन्यात झुडपांना आठवड्यातून दोनदा द्यावं लागेल, म्हणजे ५०० धरा. तिसऱ्या वर्षापासून बहुतेकांना काहीच द्यावं लागत नाही.

आता एक गोष्ट जी नर्सरीवाला सांगणार नाही. आपल्याकडची खरी देशी बाग उन्हाळ्यात वाळकी दिसते. मार्चपासून मृगाच्या पावसापर्यंत गवत पिवळं पडतं, निम्मी झाडं पानं टाकतात, जमीन दिसते. ती मेलेली नसतात, इथल्या झाडांची जगायची पद्धतच ती आहे, ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तोही चार महिन्यांत, मग बाकीचे आठ महिने ते काय करणार. ज्या घराला बारा महिने हिरवं पाहिजे त्यांना मी स्पष्ट सांगतो की करू नका, वर्षभरात तुम्ही परत लॉनवर याल आणि मधला खर्च वाया जाईल. तुम्ही सासूबाईंना आणि मिस्टरांना या उन्हातच एकदा गावाबाहेरच्या माळावर नेऊन दाखवा. एखादं झाड फुललेलं असेल त्या बाजूला न्या पण, नुसतंच वाळकं दाखवू नका, पानं नसलेल्या झाडावर किती पाखरं असतात तेही दिसू द्या.

"देशी" या शब्दावरही थोडं बोलायला पाहिजे. नर्सरीत देशी म्हणून सुरंगी देतात, सीतेचा अशोक देतात, ही झाडं भारतातलीच आहेत हो, पण ती पाणथळ, ओलसर, सावलीच्या मुलखातली. लातूरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत आणि ४२ अंशांत ती पाण्यावरच जगणार, मग लॉनने काय वाईट केलं होतं. आपल्यासाठी देशी म्हणजे बालाघाटाच्या माळावर, नदी-नाल्याच्या काठावर, शेताच्या बांधावर कुणीही पाणी न घालता जे उभं आहे ते. उलट बाजूही सांगतो, सीताफळ मूळचं अमेरिका खंडातलं आहे पण बीडच्या डोंगरात ते असं रुजलंय की तुमच्या परसात एखादं असेल तर मी ते काढायला लावणार नाही. मात्र फुलपाखरांसाठी म्हणून रंगीबेरंगी घाणेरी विकतात ती घेऊ नका. तीसुद्धा बाहेरची, फुलपाखरं तिच्यावर येतात हे खरं, पण फक्त मध प्यायला येतात, अंडी दुसरीकडेच घालतात, आणि तिचं बी पक्ष्यांमार्फत रानात जाऊन तिथलं गवत मारतं.

मातीचं काम एका संध्याकाळचं आहे. बागेत दोन ठिकाणी दीड फूट खोल खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा आणि सकाळी बघा. पाणी गेलं असेल तर खाली मुरूम आहे किंवा बांधकामाच्या वेळी मुरमाची भर टाकलीये, मग माळरानावरचं जवळपास काहीही चालेल. पाणी तसंच असेल तर खाली निव्वळ काळी आहे. मला हे फार महागात पडून कळलंय. एका घरी मी बारा तरवड आणि आठ करवंदं थेट काळ्या मातीत लावली, जुलै छान गेला, ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवस झड लागली आणि सगळी पिवळी पडली. उपटून बघितलं तर मुळं काळी पडून कुजलेली, वास मारत होती. मुरमाड उतारावरची झाडं ती, त्यांना तहान सोसते, मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. माझ्या खर्चाने परत केलं, पण या वेळी फूटभर उंच मुरूम, माती आणि शेणखत मिसळून गादी केली आणि तिच्यावर लावलं, ती आजही उभी आहेत. काळ्या मातीत नुसती वाळू मिसळायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, थोडी वाळू घालून ती अजून घट्ट बसते.

लॉन काढायचं कसं ते तुमचं लॉन कोणतं यावर आहे. मेक्सिकन लॉन म्हणून लावलेलं असेल, म्हणजे बारीक, मऊ, गादीसारखं, ते बहुतेक वेळा झोयसिया असतं आणि ते सोपं आहे. आत्ता एप्रिल संपतोय, पाणी आजच बंद करा, तीन आठवड्यांत ते वाळतं, मग कुदळीने गोधडी गुंडाळावी तसं निघतं. पण हरळीचं लॉन असेल तर दमाने घ्या. माझ्याकडे खुरपायला येणारी मावशी म्हणते, "हरळी हाय ती, वाळली म्हनून मेली नसती." खालच्या काश्या अर्धा-पाऊण फुटापर्यंत गेलेल्या असतात आणि एक तुकडा राहिला तरी पावसात परत उभी राहते. तिथे मे महिन्यात खणून काश्या वेचायच्या, जमीन ओली करायची आणि पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत दाबून चार ते सहा आठवडे ठेवायची, उन्हाने खालचं बरंचसं भाजून निघतं. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच, त्यातून ऊन आत जातं. लव्हाळा असेल तर तोही पूर्ण मरणार नाही, त्याच्या गाठी खोल असतात, पावसाळाभर वेचत राहायचं. तणनाशक मी वापरत नाही, ज्या जागेत किडे यावेत म्हणून एवढं करतोय तिथे सुरुवात विषाने कशाला.

पुठ्ठे अंथरून वर पालापाचोळा टाकायची पद्धत व्हिडिओत दिसते. भिंतीपासून लांब ठीक आहे, भिंतीलगत करू नका, आपल्याकडे ओल्या पुठ्ठ्याला वाळवी लागते आणि तिथून ती दाराच्या चौकटीत शिरते.

आणि सगळं लॉन एकदम काढू नका. या वर्षी निम्मं. उरलेल्यातला दोन-अडीचशे स्क्वेअर फूट तुकडा कायमचा हरळीचा ठेवा, मुलगा खेळेल, सासूबाई संध्याकाळी खुर्ची टाकून बसतील, गणपतीला दूर्वा घरच्या मिळतील. हरळी आपलीच आहे, उन्हाळ्यात पाणी नाही दिलं तरी वाळून बसते आणि पहिल्या पावसात आठवड्यात हिरवी होते. मला विचाराल तर देशी बाग म्हणून बसायची जागाच घालवली तर घरचं माणूस त्या बागेवर रागावतं, आणि घरचं माणूस रागावलं की ती बाग टिकत नाही.

आता झाडं. मोठं झाड एकच, हजार फुटांत जास्त नको, आणि घराच्या पायापासून दहा-बारा फूट तरी लांब, कारण काळी माती फुगते-आकसते आणि झाड पाणी ओढतं तिकडे अजून आकसते. माझी पहिली पसंती आपटा. लहान राहतो, कणखर आहे, आणि दसऱ्याला कांचनाची पानं आपटा म्हणून विकत आणण्यापेक्षा मुलाला खरं आपट्याचं पान घरचं बघायला मिळेल. उन्हाळ्यात फूल पाहिजे असेल तर बहावा. वड, पिंपळ, उंबर पक्ष्यांना फार चांगले पण ते गावठाणात, ओढ्याला, मोकळ्या जागेत, बंगल्याच्या अंगणात नाही.

झुडपांत तरवड सगळ्यात आधी. नवरात्रात घटाला त्याच्या फुलांची माळ घालतो तोच, पिवळाधमक, आणि शेळ्या-गुरं सहसा तोंड लावत नाहीत त्यामुळे गेट उघडं राहिलं तरी वाचतो. त्याच्या पानांवर पिवळी-पांढरी फुलपाखरं अंडी घालतात. त्याच्या जोडीला निरगुडी, अडुळसा, कोरांटी आणि एका कडेला करवंद. अडुळसा हिवाळ्याच्या शेवटी फुलतो तेव्हा सुतार भुंगे आणि शिंजीर दिवसभर असतात. कुंपणाच्या जाळीवर गुळवेल, एका कोपऱ्यात शतावरी. स्वयंपाकघराच्या बाजूला कढीपत्ता दोन आणि जागा असेल तर बेल. एवढंच. प्रत्येकाची तीन-चार रोपं एकत्र लावा, एक-एक विखरून नको, फुलांचा घोळका असला की माशी-भुंग्याला तो लांबून सापडतो.

कढीपत्ता दोन का म्हणालो, एक तुमचा आणि एक अळ्यांचा. हे मुलाला आवर्जून दाखवा. जुलै-ऑगस्टमध्ये कोवळ्या पानावर चिमणीने शिटलंय असा काळपट-पांढरा ठिपका दिसेल, तो हात लावायच्या आधी नीट बघा, ती अळी असते. पक्ष्याने खाऊ नये म्हणून तिचं ते रूप. काही दिवसांत ती कात टाकत टाकत हिरवीगार होते, करंगळीएवढी. काडीने हळूच टोचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास येतो, पोरं किंचाळतात आणि परत परत बघायला येतात. माझ्या एका गिऱ्हाईकाने अशाच वेळी फोन केला होता की झाडाला कीड लागली, फवारणी करून जा. मी गेलो, पंप न घेता, आणि त्यांच्या मुलीला ती शिंगं दाखवली. पुढे दोन-अडीच आठवड्यांनी त्यांचाच फोन आला की कोष फुटला, फुलपाखरू पंख वाळवत बसलंय. झाड पुन्हा पानावर आलंच, कढीपत्त्याला काही होत नाही. तेव्हापासून मी बाग देताना आधीच सांगून ठेवतो की पानाला भोकं दिसली तर समजा बागेत कुणीतरी राहायला आलंय. फवारायचं असेल तर हा सगळा खटाटोपच करू नका, चिमणी दाणे खाते खरी पण पिल्लांना अळ्या-किडेच भरवते, अळी नाही तर पिल्लू नाही.

रुईचं मुद्दाम वेगळं लिहितो. बिबळ्या कडवा, म्हणजे ते नारिंगी-काळं प्लेन टायगर, त्याच्या अळ्या रुईवर जगतात, त्यामुळे फुलपाखरांच्या प्रत्येक यादीत रुई असते. पण तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. घरात सहा वर्षांचं मूल आहे, तुमच्याकडे नको. मोकळ्या प्लॉटवर असेलच, तिथे बघा.

रोपं कुठे मिळणार? आपटा, बेल, बहावा, करंज ही सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत मिळतात. तरवडाची रोपं क्वचित मिळतात, पण बी फुकट आहे. डिसेंबर-जानेवारीत रस्त्याकडेला वाळक्या शेंगा असतात, अभयारण्यातून काही तोडू नका, रस्त्याकडेचं भरपूर होतं. पाणी उकळून खाली उतरवायचं, त्यात बी टाकून रात्रभर ठेवायचं, सकाळी जे फुगलं ते पेरायचं, जे कडक राहिलं त्याला परत एकदा तसंच करायचं. या वर्षी तुमच्याकडे बी नाही, तर ओळखीत कुणाच्या शेतात असेल तर मागा, बहुतेक लोक आनंदाने देतात.

गवताबद्दल थोडं जास्त लिहितो कारण ते कुणीच लावत नाही. मराठवाड्याचा माळ म्हणजे मुळात गवताचा मुलूख, आणि मुनियांना, टोळांना, कितीतरी फुलपाखरांना झाड नको असतं, गवत पाहिजे असतं. मारवेल किंवा पवन्या लावा. ज्याच्याकडे जनावरं आहेत त्या शेतकऱ्याच्या बांधावर मारवेल असतं, जुलैमध्ये त्याचे ठोंब आणून दीड-दीड फुटावर लावले की दुसऱ्या वर्षी गच्च होतं. कुसळी मात्र नको, तिची कुसळं कपड्यात आणि पोरांच्या मोज्यात घुसतात. गवत कापायचं जानेवारीत, बी पडून गेल्यावर. एका सोसायटीत मी हे गवत लावून दिलं होतं, दोन वर्षं जपलं, दुसऱ्या ऑक्टोबरमध्ये बी धरलं आणि मुनियांचा थवा उतरायला लागला, आणि त्याच आठवड्यात कमिटीने माणूस लावून सगळं जमिनीसरशी कापून घेतलं, स्वच्छता म्हणून. मला फार वाईट वाटलं, पण चूक माझीही होती, ते गवत मुद्दाम ठेवलंय हे बघणाऱ्याला कळत नव्हतं. आता मी गवताच्या चहूबाजूंनी दीड फूट पट्टा कायम कापलेला ठेवतो आणि कडेला दगडांची ओळ लावतो. तेवढ्याने लोक त्याला बाग म्हणतात, शेजारचेही विचारायला येतात.

सासूबाईंच्या सापाचं. त्यांची भीती उगाच नाही, हसण्यावारी नेऊ नका. साप येणार का हे तुमच्या बागेपेक्षा आजूबाजूवर जास्त आहे, शेताला लागून कॉलनी असेल तर तो लॉनवरूनही येतो. तो येतो उंदरामागे आणि राहतो अडगळीत. म्हणून घराच्या भिंतीभोवती चार फूट पट्टा मोकळा, फरशी किंवा मुरूम, त्यात एकही झुडूप नाही, विटा-लाकडांचा ढीग नाही. उंच गवत गेटच्या वाटेपासून आणि मुलाच्या खेळायच्या तुकड्यापासून लांब, मागच्या कडेला. पक्ष्यांना धान्य जमिनीवर टाकू नका, उंदीर त्यालाच येतात. रात्री बॅटरी आणि पायात चप्पल. अमुक झाड लावलं की साप येत नाही असं कुणी विकत असेल तर पैसे घालवू नका. आणि कधी कुणाला चावलाच तर मांत्रिक-बिंत्रिक नाही, थेट सरकारी दवाखाना, लस तिथे असते.

पाणी देताना प्रत्येक झुडपाशेजारी एक मडकं गळ्यापर्यंत पुरा, बुडाला बारीक भोक पाडून सुती वात घाला, तोंडावर झाकण ठेवा, नाहीतर त्यात डास होतात. पक्ष्यांसाठी पसरट भांडं ठेवलं तर त्याचं पाणी एक दिवसाआड ओतून घासून भरायचं, तेही डासांसाठीच. पालापाचोळा जाळू नका, झुडपांखाली पसरा, फक्त एक कोपरा, दोन बाय दोन फूट, उन्हाचा, अगदी उघड्या मातीचा सोडा. आपल्या कितीतरी एकट्या राहणाऱ्या माश्या जमिनीत बीळ करून अंडी घालतात, त्यांना लॉनमध्ये आणि फरशीत कुठे जागाच नसते.

लावायची घाई मृगाच्या पहिल्या सरीला करू नका. तीन-चार इंच पाऊस पडून जमीन खोल भिजू द्या, मग लावा, मधे खंड पडला तरी रोप तग धरतं. तुमच्या हातात आता मे महिना आहे, म्हणजे पाणी बंद करणं, लॉन काढणं, जमीन भाजणं आणि गाद्या करणं एवढं होतं.

तेव्हा आज संध्याकाळी ते दोन खड्डे घ्या, पाणी भरा, आणि सकाळी किती बोटं पाणी उरलं ते कळवा, सोबत लॉनच्या मुळाचा फोटो टाका. त्यावरून करवंद जमिनीत लावायचं का गादीवर, आणि प्लास्टिक लागणार का नाही, ते सांगतो.